सात पात्यांची चौकशी

सातवं पातं पकडीत बसवलं, हवेचा कॉक उघडला, आणि काटा पुन्हा तिथंच येऊन थांबला.

"परत बघा," माझ्या मागून मगदूमसाहेब म्हणाले.

"तीनदा बघितलं, साहेब."

"चौथ्यांदा बघा."

मी चौथ्यांदा बघितलं. काट्याला साहेबांची भीडभाड नव्हती. तो पाहिजे तिथं चढलाच नाही.

"एकूण किती झाली अशी?"

"सात. ब्याण्णवपैकी पंच्याऐंशी चांगली आहेत. या सातांतून वारा कमी जातोय."

साहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. ते असं करायला लागले की आम्ही गप्प बसत असू.

"चौगुलेबाई, परवा शनिवारी गाडी भरायची आहे. उद्या दुपारपर्यंत मला कारण पाहिजे. आणि नाव पाहिजे."

"नाव?"

"मग! चूक काय आपोआप होते? कुणाच्या तरी हातानं होते. तो हात मला या कारखान्यात ठेवायचा नाही."

या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली. मगदूम प्रिसिजन हा कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, आणि मी तिथली तपासनीस. शॉपवर काम करणारी एकटीच बाई. पंपांचे पंखे ओतून नाव कमावलेल्या साहेबांनी त्या वर्षी हिंमत करून वेगळंच काम अंगावर घेतलं होतं. कोकणातल्या एका वीजकेंद्राच्या गॅस टर्बाइनमधली पाती आमच्याकडं आली होती. जुना लेप उतरवायचा, नवा चढवायचा, भट्टीत भाजायचं, तपासायचं आणि परत पाठवायचं. पातं म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचं, पाठीला बाक आलेलं, जड धातूचं. आतून पोकळ आणि अंगावर ओळीनं बारीक भोकं, एकेका भोकातून शिवणाची सुई जेमतेम जावी अशी. हे काम जमलं तर पुढची अशीच कामं येणार होती. नाही जमलं तर आम्ही परत पंपांच्या पंख्यांवर.

मला ती भोकं पहिल्या दिवसापासून आवडली होती. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भट्टीवरच्या गुंडू मिस्त्रींना गाठलं होतं. मिस्त्री पन्नाशी उलटलेले, तेवीस वर्षं याच कारखान्यात, अंगानं वाळलेले आणि बोलायला खमके.

"मिस्त्री, टर्बाइनमधला जाळ हे पातं ज्याला वितळेल त्याहून जास्त गरम असतो म्हणतात. मग पातं वितळत कसं नाही?"

त्यांनी मला उत्तर दिलंच नाही. एक पातं उचललं, त्याच्या बुडाला रबराची नळी जोडली, नळीचं दुसरं टोक नळाला लावलं आणि पाणी सोडलं. पात्याच्या सगळ्या अंगातून केसासारख्या धारा फुटल्या.

"बघा. पाण्याच्या जागी वारा समजा. बुडातनं आत शिरला, आत फिरला, भोकातनं भाईर आला आन् पात्याच्या अंगाला चिकटून वाहिला. जाळ पात्याला शिवतच न्हाई. त्यो वाऱ्याला शिवतोय."

"म्हणजे गार वाऱ्याचं पांघरूण!"

"गारच की."

"किती गार?"

"तुमचा हात घातला तर शिजंल, एवढा गार."

मी खो खो हसले. मग विचारलं, "आणि एखादं भोक बुजलं तर?"

मिस्त्रींनी नळ बंद केला. "तर तेवढ्या जागंचं पांघरूण निघालं. तितं भाजतंय, तडकतंय. आन् एक पातं तुटून सुटलं म्हंजे मागची सगळी झोडपून काढतंय."

म्हणून वाऱ्याची तपासणी. म्हणून तो काटा.

तर गुरुवारी सकाळी साहेब मला कारण आणि नाव शोधायला सांगून गेले, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मला लहानपणापासून एक खोड आहे. गाठ दिसली की सोडवायची, मग ती कुणाच्या धोतराची का असेना. कुणाची तरी नोकरी जाणार आहे हे कानावर पडलं होतं, पण डोक्यात शिरलं ते एवढंच की सात पात्यांत काहीतरी अडलंय आणि ते काय आहे हे मला ठाऊक नाही.

आधी वाटलं, लेप जास्त बसला असेल. पण मग तो सगळ्याच पात्यांत बसायला हवा होता. मग वाटलं, आतली वाट बुजली असेल. म्हणून मिस्त्रींची युक्ती केली, पाणी सोडलं. धारा सगळीकडून आल्या, फक्त पाठीच्या मध्यावर एक टक्कल राहिलं. सातही पात्यांना टक्कल होतं. मी एक पातं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. टकलातल्या प्रत्येक भोकात एकेक मणी बसला होता. हिरवट, चकचकीत, काचेसारखा.

काच! आमच्या कारखान्यात काच होती ती खिडक्यांना आणि नोटीस बोर्डाला. भोकात काच कुठून येणार?

मी शिवणाच्या सुईनं एक मणी टोकरून काढला, कागदाची पुडी केली, लूनाला लाथ मारली आणि थेट गुजरी गाठली. गुजरी म्हणजे कोल्हापुरातली सोनारांची गल्ली. तिथं पोतदारकाका आमचे घरचे सोनार. माझ्या आईची पाटली त्यांच्याच हातची.

"या ताई. लग्न ठरलं वाटतं?" काका नेहमी हेच विचारत.

"नाही काका. हे काय आहे ते सांगा." मी पुडी उघडली.

"हे होय? मला वाटलं हिरा आणलासा." त्यांनी भिंग लावून बघितलं, मग मणी कोळशाच्या तुकड्यावर ठेवला, दिव्याची ज्योत फुंकणीनं वळवून त्याच्यावर धरली. मणी लाल झाला, हलला, आणि पाण्याच्या थेंबासारखा गोल होऊन बसला.

"सवागी," काका म्हणाले. "टाकणखार म्हणत्यात ती. चोख न्हाई, त्यात कायबाय मिसळलंय. पण सवागी हाय."

"नक्की?"

"चाळीस वर्षं तिच्यावर प्रपंच चाललाय ताई. दोन तुकडे सांधाया डाग द्यायचा म्हंजे सवागी लावल्याबिगर डाग पळतच न्हाई. थंड झाली की अशी काच हुतीया." मग त्यांनी मला भिंगातूनच बघितलं. "तुमच्या कारखान्यात डाग कोण देतंय?"

मला उत्तर ठाऊक होतं. भट्टीच्या जाळ्या मोडल्या, पाइप फुटले की पितळेचा डाग द्यायचे ते गुंडू मिस्त्री. त्यांच्या कोपऱ्यात सवागीचा डबाच होता. पात्यांना मात्र असा डाग द्यायला सक्त मनाई होती.

"आणि ही काढायची कशी?"

"चिंचेच्या पाण्यात उकळा. जाईल."

परत येताना मी लूना इतकी पळवली की वाटेत टोपी उडालेला एक म्हातारा मला शिव्या देत राहिला. कारखान्यात शिरले ती साहेबांच्या केबिनमध्येच.

"सवागी आहे, साहेब! भट्टीत वितळली आणि भोकात काच होऊन बसली."

"आपल्याकडं सवागी कोण वापरतं?"

"गुंडू मिस्त्री."

उत्तर सापडल्याच्या भरात ते दोन शब्द मी एका दमात बोलून गेले. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे पात्याला चीर दिसली असणार आणि यानं गुपचूप डाग देऊन ती दडपली."

"तसं अजून..."

"मग सवागी तिथं काय चालत गेली?"

मी "नाही" असं म्हणाले नाही, हेही खरं.

चार वाजता टाइम ऑफिसशेजारच्या काचेच्या नोटीस बोर्डात टाइप केलेला कागद लागला. 'गुंडू पोवार, भट्टी विभाग, यांनी चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये.' कसली चौकशी, ते लिहिलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना तंबी दिली होती की विषय बाहेर गेला तर वीजकेंद्रापर्यंत जाईल, तेव्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

मिस्त्री जेवणाचा डबा घेऊन जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले.

"बाई, काय झालंय?"

मी सूक्ष्मदर्शकात बघत होते. बघत राहिले.

"बाई?"

"चौकशी चालू आहे, मिस्त्री," मी भिंगातच म्हणाले. त्यांच्या चपलांचा आवाज गेटाकडं गेला.

शुक्रवारी सकाळी अहवाल लिहायला बसले. साहेबांना दुपारी बारापर्यंत पाहिजे होता. अहवालाला चित्र जोडावं म्हणून मी प्रत्येक पात्यावर पारदर्शक कागद गुंडाळला आणि बुजलेली भोकं पेन्सिलीनं टिंबं देऊन उतरवून घेतली. सात कागद झाले. म्हटलं, बघू तरी मिस्त्रींनी चीर कुठं कुठं झाकली. चीर म्हणजे रेघ असणार, कुठं टोकाला, कुठं कडेला, प्रत्येक पात्याला वेगळी.

रेघ एकाही कागदावर नव्हती. मी सातही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. टिंबांचे सातही पुंजके एकाच जागी आले, पाठीच्या बरोब्बर मध्यावर. सगळ्यांचा आकार एकच होता, अंड्यासारखा लांबट गोल.

माणसाची चूक अशी सात वेळा एकाच जागी येत नाही. यंत्राची येते. पण इथं कुठल्या यंत्राचं टोक पात्याला लागत होतं? मी आठवून आठवून थकले. लेपाची पिचकारी? ती मोठी. तपासणीची पकड? ती बुडाला धरते. एवढ्या आकाराचं टोक आपल्याकडं आहे तरी कशाचं, असा विचार करत मी नकळत त्या अंड्यावर बोट ठेवलं. तर्जनी जरा बाहेर राहिली. मधलं बोटही जास्त झालं. अनामिका मात्र त्यात अशी बसली, जसं काही माप घेऊनच शिवलेलं.

अनामिका. बायका कुंकू लावतात ते बोट.

मी बोट झटकन उचललं. दहा दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळी यंत्रं, हत्यारं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. आजवर पूजा साहेबच करत, पण त्या वर्षी सगळे म्हणाले, आता बाई आहेत की! मला कोण आनंद. भट्टीपुढं चौरंग मांडला, त्यावर झेंडूची फुलं, आणि लेप चढवून भट्टीची वाट बघत असलेल्या पात्यांमधली चांगली चकचकीत अकरा पाती मी स्वतः निवडून उभी केली. कुंकूही घरून नेलं होतं, आईनं केलेलं. पण गुळगुळीत धातूवर कोरडं कुंकू टिकेना, घसरायला लागलं. मग मी त्यात पाण्याचे चार थेंब टाकले, घट्ट लगदा केला आणि अकराही पात्यांच्या पाठीवर मध्यभागी अनामिकेनं दाबून दाबून टिळा लावला. पडू नये म्हणून दाबून.

आणि आईचं कुंकू कशाचं? हळकुंडं, लिंबाचा रस आणि सवागी. लहानपणी सवागी कुटायला मीच बसायची. ती आई गुजरीतूनच आणायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी आदल्या दिवशी लूनावरून कळसा शोधत फिरले होते.

एक गाठ मात्र तेव्हाही सुटली नव्हती. टिळे लावले अकरा. बुजली सातच का? माझा जीव लाजेनं अर्धा झाला होता आणि तरीही डोक्याचा एक कोपरा तेच विचारत होता. या डोक्याचं काय करावं, मला कळत नाही.

साडेअकराला साहेबांसमोर उभी राहिले. कागद दाखवले, बोट ठेवून दाखवलं, सवागीचं सांगितलं. शॉपवर बाई ठेवायची की नाही यावर सहा महिने वाद घालून मला घेतलं होतं. 'तो हात ठेवायचा नाही' हे साहेबांचं बोलणं कानात होतं, आणि तो हात माझा होता.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागं रेलून हसायला लागले.

"कुंकू! अहो बाई, कुंकू!" त्यांना हसू आवरेना. "चला, निदान पुण्यकर्मात तरी झालं. चालायचंच. शिकलात तुम्ही. लिहा, पूजेच्या वेळी अनवधानानं. आणि नावबिव लिहू नका."

"तुम्ही नाव मागितलं होतं."

"ते वेगळं हो."

"वेगळं कसं?"

साहेबांचं हसू थांबलं. "बाई, चूक निस्तरायची कशी ते बोला."

ते मी बोलले. वीजकेंद्राला खरं काय ते कळवायचं, सात पाती चिंचेच्या पाण्यात उकळून साफ करायची, पुन्हा तपासायची. पुढं तसंच झालं. त्यांचा इंजिनियर आला, एक पातं त्यानं कापून बघितलं, बाकीची सहा पास केली आणि गाडी आठवडाभर उशिरा गेली. पण ते नंतरचं.

"आणि गुंडू मिस्त्री?" मी विचारलं.

"सोमवारी बोलवून घेऊ. दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणेल."

माझं नाव निघालं तेव्हा हसू आलं. मिस्त्रींचं निघालं तेव्हा कागद टाइप झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराच्या हातात चहाचा कप. साहेबांनी खरंच माझ्यासाठी चहा मागवला होता. मी तो प्यायले नाही, दुपारची सुट्टी टाकली आणि हालोंडीला मिस्त्रींच्या घरी गेले.

अंगणात मिस्त्री म्हशीला वैरण टाकत होते. त्यांची बायको आक्काताई दारात उभी राहून म्हणाली, "या बाई, बसा. मी च्या टाकतो." आमच्याकडच्या बायका असंच 'टाकतो', 'करतो' बोलतात. ती आत गेली. मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"मिस्त्री, चूक तुमची नव्हती. माझी होती."

"कशातली चूक?"

"म्हणजे... तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"वॉचमननं डबा उघडून बघितला आन् गेट दावलं. मला वाटलं, काय तरी चोरीला गेलंय. रातभर हिला तेच सांगत हुतो, बाई माझ्या, मी काय बी उचललं न्हाई."

मला खाली बसावंसं वाटलं, आणि मी बसलेच, म्हशीच्या गव्हाणीच्या कट्ट्यावर.

"सात पात्यांची भोकं बुजली होती," मी सांगितलं.

"कुठली भोकं?"

"पाठीवरची. मधली."

मिस्त्रींनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. "कुंकू," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात?"

"तुम्ही लावलेलं कुंकू. दुसरं काय असणार तितं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"भट्टीआधी पुसायला मीच हुतो की. वरचं निघालं, भोकात लाल ऱ्हायलं. सुई घेऊन चार पात्यांची काढली. तेवढ्यात साहेब आले, म्हटले, लावा भट्टी. मी म्हटलं, तासभर द्या, अजून सात ऱ्हायल्यात. ते म्हटले, अरे कुंकूच ते, भट्टीत राख हुईल. मला बी वाटलं, असंल."

चार आणि सात. अकरा. सकाळपासून माझ्या डोक्यात अडकलेली शेवटची गाठ या माणसानं म्हशीपुढं उभं राहून सोडवली, पाणी प्यायला लागेल तेवढ्या वेळात. मी पोतदारकाकांना विचारलं होतं. पुस्तकात बघितलं होतं. सूक्ष्मदर्शकाला, पाण्याला, पारदर्शक कागदाला, अगदी स्वतःच्या बोटालाही विचारलं होतं. माझ्या टेबलापासून भट्टी वीस पावलांवर.

"मला विचारायचं तरी, बाई," मिस्त्री म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी टेबलापाशी आलो हुतो. दोनदा हाक मारली. तुम्ही वर बघितलं न्हाईसा."

"हो."

"तेवीस वर्षांत एकानं बी माझा डबा उघडला नव्हता."

मी रडले. ते म्हशीकडं बघत राहिले. आक्काताईनं चहा आणला, माझं तोंड बघितलं, आणि कप ठेवून आत गेली.

"साहेब म्हणतात, सोमवारी या," मी डोळे पुसून म्हणाले.

"सोमवारी येत न्हाई. माझ्या नावाचा कागद काचंत लागलाय. माझा पुतण्या तितं मोल्डिंगला हाय, त्यानं बी वाचलाय, समद्यांनी वाचलाय."

"तो कागद मी काढायला लावते."

"काढून काय? काढला म्हंजे कुणाला कळलं? लोक म्हणतील, पाया पडला असंल. लागला तसा दुसरा लागला पायजे. न्हाईतर इचलकरंजीला एक फाउंड्रीवाला बोलवतोय मला. तिकडं जातो."

शनिवारी सकाळी साहेबांकडं गेले. ते म्हणाले, असे कागद लावायला लागलो तर उद्या प्रत्येक जण कागद मागेल. मी म्हणाले, मागू दे. ते म्हणाले, बाई, तुम्ही डोकं चालवता तेवढं पुरे, कारखाना मी चालवतो. साडेआठला त्यांची गाडी शहरात बँकेकडं गेली.

मी वॉचमनकडून बोर्डाची किल्ली घेतली. त्याला वाटलं, रोजच्यासारखं तपासणीचं वेळापत्रक लावायचंय. टाइप केलेला कागद काढला आणि माझ्या हस्ताक्षरातला लावला. काय लिहिलं होतं ते अजून पाठ आहे: 'सात पात्यांची भोकं बुजली ती खंडेनवमीला मी दाबून लावलेल्या कुंकवामुळे. यात गुंडू पोवार मिस्त्री यांचा काही दोष नाही. त्यांनी चार पाती साफ केली, म्हणून बुजलेली सातच राहिली. त्यांना एका शब्दानं न विचारता मी त्यांचं नाव घेतलं. निर्मला चौगुले, तपासनीस.' साहेबांनी भट्टी लावायची घाई केली, हे मी लिहिलं नाही. तेवढं धाडस नव्हतं, आजही सांगताना खोटं कशाला बोलू? नोकरी राहील की जाईल, कल्पना नव्हती. संध्याकाळी साहेब दहा मिनिटं ओरडले आणि पुढं सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. कागद मात्र त्यांनी काढला नाही.

चहाच्या सुट्टीत बोर्डापुढं ही गर्दी. कुणी हसत होतं, कुणी माझ्याकडं बघून कपाळाला बोट लावून दाखवत होतं. मिस्त्रींचा पुतण्या सायकल काढून सुसाट निघून गेला.

दहा वाजता मिस्त्री आले. धुतलेला शर्ट, हातात डबा. लोकांनी वाट दिली. ते बोर्डापुढं उभे राहिले आणि काचेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचलं. मी बाजूला उभी होते. काही बोलावं असं वाटत होतं, आणि या वेळी पहिल्यांदाच मला काही विचारायचं नव्हतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बाई, नावाच्या आधी श्री. ऱ्हायलंय."

मी काच उघडली आणि लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं, पेन परत घेऊन खिशाला लावलं, वॉचमनपुढं डबा उघडून धरला. वॉचमननं मान खाली घातली. मग मिस्त्रींनी झाकण लावलं आणि भट्टीकडं गेले.